सकाळी पेट्रोलवर थरथरते, गॅसवर गेली की शांत

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलाय. राहायला निफाडला, म्हणजे थंडी कशी असते ते सांगायला नको. सकाळी सेल्फ मारला की गाडी लगेच चालू होते पण मिनिट-दोन मिनिटं नुसती थरथरते, आरपीएमचा काटा वरखाली नाचतो, कधी बंद पण पडते. मग गॅसवर गेली की एकदम शांत, दिवसभर काही त्रास नाही. गॅरेजवाल्यानं आधी प्लग बदलले, मग एक कॉइल बदलली, आता म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघावा लागेल. काय करू? आणि सकाळी गाडी उभी करून किती वेळ गरम करायची?
– एक वाचक, निफाड

उत्तर : ताई, ईसीएमला अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलंय ना की गॅसवर गेली की शांत होते, अर्धं निदान तिथेच आहे. प्लग आणि कॉइल, म्हणजे ठिणगी पाडणारे भाग, दोन्ही इंधनांना तेच असतात, उलट गॅस पेटवायला स्पार्क जास्त तगडा लागतो, त्यामुळे इग्निशन कमजोर असतं तर गाडी गॅसवर आधी मिसिंग मारली असती. म्हणजे तो खर्च बहुतेक चुकीच्या दिशेनं झाला.

आता एक गोष्ट नीट वेगळी करायची. तुमची गाडी चालू होते पेट्रोलवर आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) थोडं तापलं की किट आपोआप गॅसवर टाकतो, म्हणजे त्या एका क्षणी दोन गोष्टी बदलतात, इंधन पण बदलतं आणि इंजिन पण गरम झालेलं असतं. शांत नक्की कशानं झाली ते असं कळणार नाही. म्हणून संध्याकाळी फिरून आल्यावर गाडी चांगली गरम असताना किटचं बटण दाबून पेट्रोलवर घ्या, एसी बंद करा आणि पाच-दहा मिनिटं न्यूट्रलला उभी ठेवून काटा बघत बसा. पैसे शून्य, पण सगळ्यात महत्त्वाची टेस्ट हीच.

गरम असूनही पेट्रोलवर थरथरली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. सीएनजीवाल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, टाकी कायम रिझर्व्हवर, त्यात महिनोन्‌महिने तेच शिळं पेट्रोल, आता इथेनॉल मिसळलेलं असल्यामुळे ओलावा पण धरतं, आणि पेट्रोलचे इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) दिवसभर काम न करता गरम इंजिनवर नुसते तापत राहतात, मग त्यांच्या टोकावर चिकट थर बसतो. फवारणीच्या पंपाचा नोझल चोंदला की फवारा न उडता धार पडते, अगदी तसंच. गरम इंजिनमध्ये त्या धारेची थोडी तरी वाफ होते, थंडीत तेवढीही होत नाही, म्हणून सकाळी त्रास जास्त. आधी जुनं पेट्रोल जमेल तेवढं चालवून कमी करा, १०-१५ लिटर ताजं भरा, इंजेक्टर क्लीनरची बाटली टाका आणि नाशिकला दोन-तीन चकरा पेट्रोलवरच मारा. फरक पडला नाही तर इंजेक्टर काढून मशीनवर साफ करून घ्या आणि त्या वेळी स्वतः उभं राहून बघा : मशीनला काचेच्या नळ्या असतात, सगळे इंजेक्टर एकदम चालवले की सगळ्या नळ्यांत द्रवाची पातळी सारखी यायला हवी. एक कमी भरत असेल तर तोच चोर. परत बसवताना ओ-रिंग (रबरी सील) नवीन टाकायला सांगा.

अजून एक कारण आहे आणि ते गॅरेजमध्ये फार कमी जण बघतात. किटचं ट्युनिंग बिघडलेलं असेल तर ईसीएम गॅसवर चालताना इंधन कमी-जास्त करत राहतो आणि ती सवय लक्षात ठेवतो, मग सकाळी पेट्रोलला पण तोच हिशोब लावतो आणि गाडी थरथरते. स्कॅनर लावून गॅसवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएमनं लक्षात ठेवलेली ही कमी-जास्त, टक्क्यांत) बघायला सांगा, शून्याच्या आसपास हवा, उणे किंवा अधिक १० टक्क्यांच्या बाहेर गेला असेल तर किटवाल्याकडे लॅपटॉप लावून ट्युनिंग करून घ्यायचं. मला तरी तुमच्या गाडीत हे नाहीतर इंजेक्टर, दोन्हीपैकी एक वाटतंय.

गरम असताना पेट्रोलवर गाडी शांत राहिली तर मात्र दोष फक्त थंडीतला. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी सेल्फ मारायच्या आधी नुसती चावी ऑन करून स्कॅनरवर कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा, दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. बाहेर ९ डिग्री आणि कुलंट ४० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, ईसीएमला वाटतं इंजिन कोमट आहे आणि तो पेट्रोल कमी सोडतो. त्याची किंमत ईसीएमच्या मानानं काहीच नाही. सेन्सर ठीक निघाला तर थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतला) कार्बन साफ करा (पाकळी बोटानं ढकलू नका, इलेक्ट्रॉनिक असते), आणि मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपला) किटवाल्यानं भोकं पाडून जे नोझल आणि रबरी पाइप बसवलेत ते तपासा, रबर कडक झालं की थंडीत तिथून हवा ओढली जाते.

दोनपैकी एक जरी गोष्ट दिसली तर मात्र गाडी दाखवायला उशीर करू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, किंवा कुलंट कमी होत असेल आणि गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल. दुसऱ्या केसमध्ये हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) संशय येतो, गाडी न चालवता आधी दाखवा.

गरम करायचं म्हणाल तर अर्धा-एक मिनिट पुरे, उभ्या गाडीत रेस अजिबात करू नका, निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. बटण दाबून थंड गाडी जबरदस्तीनं गॅसवर टाकू नका, रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठतो. आणि टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा, आठवड्यातून एकदा १५-२० किलोमीटर त्याच्यावर चालवा, पंप पेट्रोलमध्येच बुडलेला असतो आणि त्यानंच थंड राहतो. संध्याकाळची टेस्ट करून काय झालं ते कळवा, पुढचं त्यावर सांगतो.