उत्तर : पॅकेजचा मजकूर माझ्या नावाने बातमी म्हणून लावायला सांगतात, काय करू?

तुमची पोस्ट वाचून नौपाड्यातलं आमचं ऑफिस आठवलं. तुमचं पोर्टल ऐरोलीत, एवढाच फरक. बाकी तेच : उमेदवाराने पैसे मोजून घेतलेल्या प्रसिद्धीच्या 'पॅकेज'मधून आलेली फाइल, खाली तुमचं नाव आणि 'जाहिरात' हा शब्द लिहायला मनाई. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून लावलेली जाहिरात, चूक का, ते सांगत बसत नाही. कळतंय म्हणूनच विचारलंत.

माझी चूक २०२४ च्या विधानसभेची. मालक सगळं फोनवर सांगायचा. "लाव पटकन, साहेबांचा माणूस ताटकळलाय." मी लावायचे, माझ्या लॉगिनमधून, माझ्या नावाने. "मेल टाका" असं एकदाही म्हटलं नाही. एका लेखात 'घोडबंदर'चं 'घोडबदंर' झालं होतं, घाईत तसंच गेलं. दुसऱ्या दिवशी तोच लेख, तोच 'घोडबदंर', आणखी दोन पोर्टलांवर वेगळ्याच वार्ताहरांच्या नावाने. कुणीतरी तिन्ही स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवून ग्रुपवर फिरवले. मालकाने हात वर केले : "तिने लावली, सिस्टिममध्ये वेळ बघा." होतीच तिथे. रात्रीचे ११:४०, माझं नाव. ओळखीचे लोक "किती मिळाले?" विचारू लागले. अहो, माझा दोन महिन्यांचा पगार थकला होता!

यात नवं काही नाही म्हणा. २००९ च्या विधानसभेच्या वेळी एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत अक्षरशः तेच लेख छापून आले होते, पत्रकार पी. साईनाथांनी ते बाहेर काढलं.

तक्रारीचं म्हणाल तर प्रेस कौन्सिल वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे, नुसत्या पोर्टलसाठी तिथे खेटे घालू नका. पोर्टलला २०२१ चे आयटी नियम लागू. त्यात तक्रार अधिकारी नेमायचा आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा. आमच्याकडे तो मालकाचा मेहुणा होता. लोकसभा-विधानसभेच्या काळात पेड न्यूज बघायला जिल्ह्याची माध्यम समिती असते, एमसीएमसी म्हणतात ती. महापालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोगाकडे, तिथे विचारून घ्या. मी वकील नाही, माझ्या भरवशावर काही दाखल करू नका.

इथे काहींनी "नोकरी सोडा" लिहिलंय. घराचा हप्ता त्यांना भरायचा नाहीये. नावाऐवजी 'विशेष प्रतिनिधी' टाकणं ही पळवाटच आहे, वाचक फसतो तो फसतोच. मी तीही घेतली असती, खोटं कशाला बोलू. आणि पुरावे ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, माझा त्यांनी त्याच दुपारी काढून घेतला.

पुढचा फोन आला की ठेवल्या ठेवल्या मालकाला एवढंच मेल करा : "आत्ता सांगितलेला मजकूर जाहिरात म्हणून लावायचा की बातमी म्हणून, कृपया कळवा." उत्तर येईपर्यंत फाइलला हात लावू नका. माझ्या मालकाने असल्या मेलला जन्मात उत्तर दिलं नसतं.