वाचकांचे प्रश्न : पाण्यात मुरलेल्या प्राचीन लाकडाचे जतन

प्रश्न : बुडालेल्या जहाजांचे लाकूड वर काढल्यावर ते सरळ वाळवत नाहीत, त्यात पॉलिथिलीन ग्लायकॉल मुरवतात, असे वाचले. खनिज तेलापासून बनणाऱ्या या रसायनाला पर्यावरणपूरक पर्याय आहे का?

उत्तर : पर्याय आहेत, पण आधी अडचण नीट पाहू. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळात जिवाणू लाकडातील सेल्युलोज, म्हणजे पेशीभित्तिकांचा मुख्य तंतुमय घटक, हळूहळू खाऊन टाकतात. उरतो तो लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा, अशक्त सांगाडा, आणि त्याला आतल्या पाण्याचाच आधार असतो. असे लाकूड बाहेरून अखंड दिसले, तरी त्यात टाचणी सहज रुतते, आणि ती किती खोल जाते यावरून झीज किती झाली याचा ढोबळ अंदाज घेतात. ते उघड्यावर वाळू दिले, तर बाष्प होऊन जाणारे पाणी पृष्ठताणामुळे पेशीभित्तिकांना आत ओढते, लाकूड आक्रसते, तडकते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून पाण्याच्या जागी दुसरे काही भरावे लागते.

१६२८ मध्ये बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले ‘वासा’ हे स्वीडिश जहाज पॉलिथिलीन ग्लायकॉलच्या फवाऱ्याखाली १७ वर्षे होते. हे रसायन फारसे विषारी नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आक्षेप आहे तो त्याच्या प्रचंड मात्रेला, वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रक्रियेला आणि शेवटी उरणाऱ्या सांडपाण्याला.

मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असे समजू नये. नॉर्वेत १९०४ मध्ये ओसेबर्ग येथील व्हायकिंग काळातल्या जहाज-दफनाच्या उत्खननात मिळालेल्या कोरीव लाकडी वस्तूंपैकी अनेक वस्तू तुरटीच्या गरम द्रावणात ठेवल्या गेल्या. तुरटी आपल्या ओळखीची, साधी. पण त्या प्रक्रियेत आम्ल तयार झाले आणि काही वस्तूंचा सामू (पीएच) आज १ च्या आसपास, म्हणजे अतिशय आम्लधर्मी, असून त्या आतून भुसभुशीत झाल्या आहेत. साध्या साखरेचेही तसेच : ती स्वस्त आहे, पण तिच्या द्रावणात सूक्ष्मजीव वाढतात, ते रोखायला जंतुनाशक घालावे लागते, आणि मग पर्यावरणपूरकतेचा दावा लंगडा पडतो.

आजच्या पर्यायांपैकी मला सर्वांत भरवशाची वाटते ती स्टार्चवर विकरांची (एन्झाइमांची) क्रिया करून मिळणारी ट्रेहॅलोज ही शर्करा. कोमट द्रावणाची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवून ती लाकडात मुरवतात. बाहेर काढल्यावर ते थंड होताच शर्करेचे स्फटिक बनतात आणि सांगाड्याला आतून टेकू देतात. ती हवेतील ओलावा फारसा शोषत नाही, शिवाय उरलेले द्रावण पुन्हा वापरता येते. जपानमध्ये ताकाशिमा बेटाजवळ सापडलेल्या, १२८१ च्या मंगोल स्वारीतील जहाजांच्या लाकडासाठी ही पद्धत वापरली गेली आहे. खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान आणि लिग्निनपासून बनवलेली द्रव्ये यांवर प्रयोगशाळांत काम चालू आहे. मोठ्या जहाजासाठी त्यांच्यावर विसंबावे, अशी वेळ अजून आलेली नाही.

सर्वांत कमी रसायन लागते ते लाकूड बाहेरच न काढण्यात, किंवा नोंदी घेऊन पुन्हा गाळात पुरण्यात. वरून वाळूचा थर आणि जाड कापड घातले की प्राणवायू तुटतो आणि लाकूड पोखरणारे सागरी किडेही पोचत नाहीत. मात्र ठरावीक काळाने तेथे जाऊन तपासणी करावीच लागते. एखादा तुकडा आधीच बाहेर आला असेल, तर निर्णय होईपर्यंत तो स्वच्छ गोड्या पाण्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी पूर्ण बुडवून ठेवावा, आणि औषध घालण्याऐवजी पाणी वरचेवर बदलावे.