बाजू नंतर घे

नाशिक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बीएस्सी ॲग्रीचा निकाल लागतो न लागतो तोच दोन नोकऱ्या चालून आल्या, एक बियाणं कंपनीची आणि एक दिंडोरीकडच्या सेंद्रिय गटाची. ही अडचण फार पोरांच्या वाट्याला येत नाही, तेव्हा आधी पेढे पाठव. घरात वडील म्हणतात, तणनाशकाला न जळणारं बी आलं की निंदणीची मजुरी वाचेल. भाऊ म्हणतो, जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं बी, हे विष. आणि तू मला विचारतेस, "सर, मी बाजू कोणती घेऊ?"

बाजू नंतर घे. आधी आपल्या जिल्ह्यात काय आहे ते बघ. द्राक्ष, कांदा, टोमॅटो, डाळिंब यांपैकी एकही पीक आपल्याकडे जीएम नाही. भारतात शेतकऱ्याला कायद्यानं लावता येणारं जीएम पीक एकच, कापूस. आणि तो आपल्याकडे मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या बाजूला. बिनबियांची द्राक्षं जीएम असतात हे गावात ठासून सांगणारे भेटतील. थॉमसन हा जुना बिनबियांचा वाण. तास-ए-गणेश, सोनाका हे महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी त्याच्यातूनच निवडून काढलेले. प्रयोगशाळेतला जनुक त्यात कुठेच नाही. उलट जीएम आपल्या घरात आलंय ते गोठ्याच्या दारानं. म्हशीपुढे ठेवतो ती सरकी पेंड बीटी कापसाची, म्हणजे अळीला मारणारा जनुक घातलेल्या कापसाची, फरसाणाच्या कढईतलं सरकीचं तेलही त्याचंच. 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागलं तेव्हा केंद्रानं 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. भावाला हे जेवताना सांगू नकोस, अंड्यावरून उठेल.

आता ज्या बीटीवरून एवढं भांडण, तो मुळात मातीतला जिवाणू आहे. जपानमध्ये 1901 साली रेशमाच्या अळ्या मरत होत्या, तिथे तो पहिल्यांदा हाती लागला. त्याचं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात जाऊन काम करतं. माणसाच्या पोटात ना तसं वातावरण, ना ते प्रथिन चिकटायला लागणारी जागा. हाच जिवाणू भुकटीच्या रूपात सेंद्रिय शेतकरी फवारतो आणि सेंद्रियच्या मानकांना ते चालतं. तोच जनुक बियाण्यात घातला की मात्र ती मानकं पीक बाहेर काढतात. यात ढोंग नाही हं. फवारलेलं प्रथिन उन्हात काही दिवसांत संपतं, झाडातलं हंगामभर राहतं, आणि किडीला त्याची सवय लागायला तेवढा वेळ मिळतो. खरं दुखणं तिथेच आहे.

मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या उतरल्या. देशात हेक्टरी 300 किलोच्या आसपास असलेली रुई 2007-08 पर्यंत 550 किलोच्या घरात गेली. त्यात पाऊस, पाणी, नवे संकर यांचाही वाटा होता, पण बीटीचा वाटा नाकारणारा माणूस त्या वर्षांत कापसाच्या शेतात गेला नव्हता, असं मी खुशाल म्हणेन. पुढे गुलाबी बोंडअळी आली. आधी गुजरातमध्ये, पहिल्या जनुकाला न जुमानणारी. मग दोन जनुकांच्या बियाण्यालाही तिनं पचवलं, आणि 2017 मध्ये महाराष्ट्रात हाहाकार झाला. कापसाच्या शेतात गेलीस तर डोमकळी शोध. फूल उमलायच्या वेळी पाकळ्यांची टोकं एकमेकींत अडकून मिटलेली दिसतात. नखानं उकलून बघ, आत अळी असते. बाहेरून हिरवं धडधाकट दिसणारं बोंड फोडलं की कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस निघतो.

हे का झालं, ते त्या बियाण्याच्या डब्यातच होतं. 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅमचं बिगरबीटीचं छोटं पाकीट यायचं. शेताच्या कडेनं त्याच्या ओळी लावायच्या. तिथे वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या चिवट पतंगांशी जुळले की पुढची पिढी मवाळ राहते. त्या ओळी मुद्दाम किडीला खाऊ घालायच्या, हे शेतकऱ्याला कोणी नीट समजावलं नाही. त्यात त्या पाकिटातलं बी उगवत नाही, फुलोरा जुळत नाही, अशा तक्रारी. पाकीट बांधावर फेकलं जाई. अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावर, आपल्या टोमॅटोवरही जगते, त्यामुळे तिच्यासाठी साधे पतंग आपोआप तयार होत राहतात. गुलाबीचं जवळजवळ सगळं आयुष्य कापसावरच. आणि आपण फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवून, तिला उन्हाळ्यापर्यंत दाणापाणी पुरवलं. सलग 3 रात्री कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) 8 पतंग आले की फवारायचं हा साधा नियम, पण सापळाच नसेल तर मोजायचं काय? त्याच 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी कमी करायला आलेलं बियाणं असं पुन्हा फवारणीवर आलं.

भाऊ म्हणतो, कंपनीनं बी पळवलं. अर्धं खरं आहे. दरवर्षी बी विकत घ्यावं लागतं ते मुख्यतः संकर वाणामुळे, त्याचं घरी धरलेलं बी पुढे तसंच पीक देत नाही. टोमॅटोची रोपं तुम्ही दर हंगामात नर्सरीतून आणता, त्यात कुठलं जीएम आहे? कांद्याचं उळं मात्र तुझी आजी अजून घरी धरते, कारण तो सरळ वाण, त्याचं बी पुढेही तसंच निघतं. चीन-अमेरिकेत बीटी सरळ वाणांत दिलं गेलं, आपल्याकडे संकरात. तो धंद्याचा निर्णय होता, विज्ञानाची सक्ती नव्हे. भावाला भांडायचंच असेल तर इथे भांडू दे, मी त्याच्या बाजूनं येईन.

सरकारी बाजू थोडक्यात. बीटी वांग्याला 2009 मध्ये तज्ज्ञ समितीनं हिरवा कंदील दिला, फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, आणि शेजारचा बांगलादेश 2014 पासून तेच वांगं पिकवतोय. जीएम मोहरीचं प्रकरण 23 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींच्या दोन निकालांवर अडकलं. जनुक संपादन वेगळं, त्यात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बदल करून, परका जनुक न घालताही काम होतं. मे 2025 मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. वडिलांना हवं असलेलं बी मंजूर नाही. बाजारात मिळतं ते चोर बीटी. बिल नाही, उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे ठेवायला कागद नाही. त्यांचा मजुरीचा हिशोब चुकत नाही, म्हणून त्यांना वेड्यात काढू नकोस. फक्त बिल मागायला सांग, दुकानदार स्वतःच विषय बदलेल.

आता सेंद्रिय. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं असं समजून दिंडोरीला गेलीस तर पहिल्याच ऑक्टोबर छाटणीला डोळे उघडतील. फुटवे कोवळे, वर पाऊस, आणि डाऊनी (केवडा) रोग रात्रीत पसरतो. तेव्हा बोर्डो मिश्रणच लागतं, आणि ते सेंद्रियला चालतं. 1 किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. विळा बुडवून काढ. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, पानं जळतील. तांबं मातीत साठत जातं हेही लक्षात ठेव. सेंद्रियमध्ये उत्पादन सरासरी पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटतं, पिकागणिक कमीजास्त. द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला रूपांतराचा, म्हणजे साधी बाग सेंद्रिय म्हणून मान्य होईपर्यंतचा, काळ 3 वर्षांचा. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. ती 3 वर्षं कशी काढायची याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्यानं शेतकऱ्याला या वाटेवर नेऊ नये. घाईचं उदाहरण बघ: 2021 मध्ये श्रीलंकेनं रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षी निर्णय फिरवला. शिवाय 'जैविक' लिहिलेल्या बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळून विकणारेही आहेत. शेतकरी प्रामाणिकपणे फवारतो आणि अवशेष त्याच्या मालात निघतात.

नाशिकनं या दोन्हींपेक्षा वेगळा धडा 2010 मध्ये घेतला. वेलीची वाढ रोखायला आपण सर्रास वापरायचो त्या लिहोसीनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, अवशेष युरोपात सापडले आणि आपले कंटेनर अडकले. बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. पण त्यानंतर बागेची नोंदणी, फवारणीची वही, शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस, नमुन्याची तपासणी यांची शिस्त निर्यातदारांत घट्ट झाली. ती बाग सेंद्रियही नव्हती आणि जीएमही नव्हती. कोणीतरी खरोखर तपासत होतं, आणि नापास झालं की पैसे बुडत होते, एवढंच. बीटीच्या त्या छोट्या पाकिटामागे असा तपासणारा कोणी नव्हता.

माझा कल विचारशील तर सेंद्रिय गटाकडे जा. मी सेंद्रियचा भक्त नाही, तुला ठाऊक आहे. पण गटाच्या प्रमाणीकरणात अंतर्गत निरीक्षक लागतो, बांधावर जाऊन वही आणि बाग ताडून बघणारा, आणि वही वाचता येणारी पोरं आपल्याकडे कमी आहेत. मुलाखतीत पगाराआधी एक विचार: अध्यक्षांच्या बागेत अवशेष सापडले तर त्यांचं नाव यादीतून काढायचा अधिकार मला आहे का? बियाणं कंपनीला विचार: उगवणीची तक्रार आली तर प्लॉटवर कोण येतं, किती दिवसांत, आणि पंचनाम्यावर सही कोण करतं? दोघांची उत्तरं लिहून घे आणि मला कळव. गटानं पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेली, तर कंपनीची नोकरी घे.

वडिलांना नमस्कार सांग.

तुझे सर