खारपाणपट्ट्यात जिवाणू खत टाकून जमीन गोडी होते का?

जिवाणूनं जमीन गोडी होत नाही भाऊ. पीक मात्र खारात थोडं तग धरतं. दुकानदार या दोन गोष्टी एकाच दमात सांगतो, म्हणून पैसे मोजायच्या आधी त्या वेगळ्या करून घ्या.

तुम्ही लिहिलंय की दर्यापूर तालुक्यात वावर आहे, बोअरचं पाणी खारं आहे, कपाशी आणि हरभरा घेता, आणि कृषी केंद्रवाला म्हणतो हे जिवाणू तीन वर्षं टाका म्हणजे खार निघून जाईल. मीही याच पट्ट्यातला, मूर्तिजापूरकडचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरलाय. पाणी खारं म्हणून आपण जमिनीलाही सरसकट खारी म्हणतो, पण बऱ्याच वावरांत खरा त्रास मातीच्या कणांना चिकटून बसलेल्या सोडियमचा आहे. ईसी (मातीत विरघळलेल्या क्षारांचं माप) 4 च्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर जमीन खारवट. सामू 8.5 च्या वर, ईसी 4 च्या खाली आणि चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या वर, तर ती चोपण. आपल्या काळ्या मातीला तो 15 चा आकडाही खरं तर लावू नये. ही माती इतकी फुगते की सोडियम 5 टक्क्यांच्या आसपास गेलं तरी पाणी मुरणं मंदावतं. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी पूर्णा खोऱ्यातल्या मातीवरच हे दाखवलंय. तेव्हा अहवालात सोडियम 8 टक्के दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

अहवाल येईपर्यंत घरी एक करून पाहा. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या आणि वावरातलं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ त्यात अलगद सोडा. हलवू नका. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून तळाशी बसतं, वरचं पाणी नितळ राहतं. चोपण मातीच्या ढेकळाभोवती दुधाळ वलय धरतं, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. बोअरचं पाणी घेऊ नका, खाऱ्या पाण्यात गाळ लवकर खाली बसतो आणि फसगत होते. वरची वीतभर माती पुष्कळदा बरी निघते, म्हणून दोन फुटांखालचंही एक ढेकूळ घ्या.

हे सोडियम कॅल्शियमनं सुटतं, म्हणजे कॅल्शियम असलेल्या जिप्समनं, आणि सुटल्यावर पाण्यासोबत वावराबाहेर जावं लागतं. जिवाणू सोडियम खाऊन संपवत नाहीत. एक आडवाट आहे. आपल्या मातीत चुनखडी भरपूर आहे, पण ती लवकर विरघळत नाही. शेणखत किंवा गाडलेलं ढेंच्याचं हिरवळीचं खत कुजताना कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं तयार होतात, त्यानं थोडी चुनखडी विरघळून कॅल्शियम मोकळं होतं. हे काम जिवाणूच करतात, पण ते मातीत आधीपासून आहेत. त्यांना खायला घाला, म्हणजे झालं.

मग विकतचे जिवाणू काय करतात? मुळाला खार लागला की झाड इथिलीन बनवतं आणि मुळाची वाढ आवरती घेतं. मुळाजवळच्या काही जिवाणूंकडे एक विकर (एन्झाइम) असतं, ते इथिलीन तयार होण्याआधीचा कच्चा मालच खाऊन टाकतं. कॅनडातल्या बर्नार्ड ग्लिक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये ही मांडणी केली. काही जिवाणू मुळाभोवती चिकट द्रव सोडतात, त्यात थोडं सोडियम अडकतं. मायकोरायझा बुरशी मुळाच्या पलीकडे पसरून स्फुरद आणि पाणी ओढून आणते. सगळं खरं आहे. पण कुंडीत दिसतो तेवढा फरक वावरात दिसत नाही, कारण वावरात आधीच कोट्यवधी स्थानिक जिवाणू जागा धरून बसलेले असतात.

शिवाय टाकलेला जिवाणू स्वतः खारात जगला पाहिजे. हरभऱ्याच्या मुळावर गाठी करून नत्र बांधणारं साधं रायझोबियम इथंच मार खातं, आणि हरभरा तर मुळातच खाराला नाजूक. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संस्थेच्या लखनौ केंद्रानं चोपण जमिनीसाठी 'सीएसआर-बायो' काढलं, त्यात बॅसिलस जिवाणूच्या दोन जाती आणि ट्रायकोडर्मा बुरशी आहे. पण तिकडची गंगेच्या गाळाची माती आणि आपली काळी चिकण यांत फार फरक आहे, तिथला निकाल जसाच्या तसा इथं धरू नका. मी असतो तर आधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारून तिथलंच संवर्धन, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचं पाकीट, घेतलं असतं.

पाकीट घेताना तारीख पाहा. खत नियंत्रण आदेशानुसार रायझोबियम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांच्या भुकटीत ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात मिलीला 10 कोटी जिवंत जिवाणू लागतात. मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या बाटलीत किती उरत असतील, तुम्हीच समजा. हरभऱ्याला आधी बुरशीनाशक, संवर्धन सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बीटी कपाशीचं बियाणं मात्र औषध लावून रंगीतच येतं, त्यावर जिवाणू चोळण्यात अर्थ नाही. तिथं चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर तासात द्या.

पाणी साचलं की हवेवर जगणारे हे जिवाणूही गुदमरतात, म्हणून रुंद वरंबा-सरी आणि धुऱ्याकडे चर आधी. आणि बोअरचं पाणी शक्यतो देऊच नका. ते दर ओलिताला नवं सोडियम आणतं. शेततळ्याचं गोडं पाणी हरभऱ्याला एकदा मिळालं तरी बाटलीपेक्षा जास्त फरक पडतो.

तरीही करून पाहायचं असेल तर वावराच्या मधोमध काही ओळी जिवाणू न टाकता कोऱ्या सोडा. हरभरा दीड महिन्याचा झाला की दोन्हीकडची झाडं फावड्यानं मातीसकट काढून, भिजवून धुवा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधतेय. पांढरी किंवा हिरवट असेल तर नुसतीच बसलीय. कापूसही त्या ओळींचा वेगळा वेचून तोला. माती अहवालातले सामू, ईसी आणि सोडियमची टक्केवारी इथं टाका, जिप्समचं प्रमाण त्यावरूनच काढता येईल.