आमच्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींच्या शोकसभेत पाच मिनिटं बोलायचं आहे. काय बोलावं?

काहीही बोला, फक्त ‘गुरुजी कोणाच्या अध्यात ना मध्यात’ एवढं म्हणू नका. माझ्या आईच्या तेरवीला हेच वाक्य माझ्या काकांनी माईकवरून म्हटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आई यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत होती. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली की तिसरी-चौथीच्या पोरी आयांसोबत वावरात. मजुरी किलोवर, त्यामुळे दोन हात जास्त तेवढं बरं. 1995च्या ऑगस्टात पोषण आहार सुरू झाला तेव्हा खिचडी नव्हती. महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा, तोही हजेरी 80 टक्के भरली तर. म्हणजे पोरगी वेचायला गेली की तांदूळ गेला, शाळेत बसली की मजुरी गेली. (नियम करणाऱ्यानं कापूस फक्त अंगावरच्या सदऱ्यात पाहिला असणार.)

आईनं पोरींना सांगितलं, जा वावरात. पण रोज संध्याकाळी आपापल्या आईचा कापूस काट्यावर किती भरला ते वहीत लिहायचं, आणि मालकानं किती मांडला तेही शेजारी लिहायचं. हेच तुमचं गणित. दिवस उगवायच्या आत आमच्या ओसरीवर त्यांचे पाढे व्हायचे, पावकी-निमकीसकट, आणि तिथंच हजेरी लागायची. नियमात हे बसत नव्हतं. बसवायला गेलीही नाही ती.

आता वावर कोणाचं, तर माझ्याच काकांचं. ते दर गाठोड्यामागं एक किलो फडक्याचा आणि एक किलो ओलाव्याचा कापायचे. रोजच्या रोज कोणाला ते टोचत नसे. पण चौथीतल्या एका पोरीच्या वहीत डावीकडं काट्याचं वजन, उजवीकडं मांडलेलं, आणि खाली बेरीज मारून फरक काढलेला. चुकाऱ्याच्या दिवशी बाया ती वही घेऊनच गेल्या.

काका तणतणत घरी आले. ‘वहिनी, पोट्ट्याइले पाढे शिकवा ना. माह्या काट्याचा हिसाब काहून शिकवता?’

आई भाकर थापत होती. म्हणाली, ‘भाऊजी, वजाबाकी पुस्तकातच हाये.’

ओलाव्याचा किलो बंद झाला. फडक्याचा राहिला, आणि फडकं काही किलोभर नसते यावरून आई पुढंही कटकट करत राहिली. त्या दिवाळीला काका आमच्याकडं जेवायला आले नाहीत. आणि हाच माणूस माईक धरून म्हणतो, वहिनी लय शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात! मेलेल्या मास्तरणीला गरीब गाय करून टाकलं की काट्याचा विषय निघत नाही, एवढं त्यांना बरोबर कळतं.

तर तुमचं. शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर बघायला मागा. ज्यांच्या आईबापाला जन्मतारीख सांगता आली नाही अशा अर्ध्या गावाची 1 जून गुरुजींच्या अक्षरात सापडेल. तिथून सुरुवात करा, लोक हसतील आणि पुढचं ऐकतील. मग गुरुजी कोणाशी आणि कशावरून भांडले ते सांगा. पोरीची शाळा सोडवून लग्न लावायला निघालेला बाप असेल, खोलीवरचे पत्रे अडकवून ठेवणारा पुढारी असेल. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, पुरस्कारांच्या यादीत हे मिळणार नाही.

सगळेच मास्तर असे नसतात, हे मलाही ठाऊक आहे. सही ठोकून दुपारच्या एसटीनं परतणारेही आम्ही पाहिले. तुमचे गुरुजी त्यांतले असतील तर अक्षराचं कौतुक करा आणि खाली बसा. आणि ज्यांच्याशी भांडण झालं ती मंडळी समोर बसलेली असतील तर नाव घेऊ नका. भांडण कशाचं ते सांगितलं की गाव आपसूक त्यांच्याकडं वळून बघते. फक्त सरपंचांच्या आधी बोलून घ्या, नंतर लोक उठायला लागतात.