लेक ‘गेगेट’ म्हणते, टोकू का?

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो, घरी मराठीच. लेक साडेतीन वर्षांची, दीड वर्षाची असल्यापासून किटाला (जर्मन पाळणाघर-बालवाडीत) जाते. हल्ली ती ‘इश बिन गेगेट’ (मी गेले) म्हणते, ‘मिट डेन मान’ (त्या माणसाबरोबर) म्हणते. माझं जर्मन बी-वनवर (मधल्या पातळीवर) अडकलंय, पण हे चूक आहे एवढं मलाही कळतं. मराठीमुळे घोळ होतोय का? टोकू का तिला?

उत्तर : टोकू नका, आणि मराठीच्या माथी तर अजिबात मारू नका. घरात फक्त जर्मनच ऐकलेली पोरंसुद्धा या वयात ‘गेगेट’, ‘गेट्रिंक्ट’ (प्यायले) असंच बोलतात. आता मला सांगा, ‘गेगेट’ तिला शिकवलं कोणी? किटातल्या ताई तर बरोबर रूप, ‘गेगांगन’च म्हणत असणार. म्हणजे पुढे ‘गे’, मागे ‘ट’ हा नियम तिनं आपला आपण शोधला आणि दिसेल त्या क्रियापदाला लावत सुटलीये. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरातल्या क्लारा आणि विल्यम स्टर्न या नवरा-बायकोनं १९०० पासून आपल्या तीन मुलांचं बोलणं असंच वहीत टिपून ठेवलं होतं, तुम्हीही ठेवा, मजा येते.

‘मिट डेन मान’चं म्हणाल तर तिथे ‘मिट डेम’ हवं, पण डेटिव (‘मिट’नंतर लागणारी विभक्ती) सगळ्यात उशिरा बसतो, चार-पाच वर्षांपर्यंत चालायचंच. डेन आणि डेम कानाला जवळपास सारखे, त्यात डेन अक्युझेटिवलाही (कर्माच्या विभक्तीलाही) आणि डेटिवच्या अनेकवचनालाही, मग पोरांनी करावं काय!

मला खरी कमाल वाटते ती क्रियापदाच्या जागेची. दोन वर्षांचं पोर ‘मामा बाल होलन’ (आई चेंडू आणणे) म्हणतं, क्रियापद मूळ रूपात आणि शेवटी, पण तेच पोर ‘होल्ट’ (आणते) म्हणायला लागलं की ते बरोबर दुसऱ्या जागी ठेवतं, ‘मामा होल्ट बाल’, आणि ‘होल्ट’ शेवटी टाकायची चूक क्वचितच करतं. पुढे ‘दास’ (की), ‘वाइल’ (कारण) वाली वाक्यं येतात तेव्हा क्रियापद शेवटी जायला हवं, तर तेही जवळजवळ सुरुवातीपासून जातं, कधीकधी ‘दास’ म्हणायचंच राहतं पण क्रियापद मात्र शेवटी! (आपण यासाठी फी भरून क्लास लावतो.)

ती ‘गेगेट’ म्हणाली की नवऱ्याला जर्मन चांगलं येत असेल तर त्यानं सहज ‘आख सो, बिस्ट डू गेगांगन?’ (अच्छा, गेलीस का तू?) म्हणावं, बास. तुम्ही मराठीच बोला, भरपूर. मात्र दोन्ही भाषांत तीन-चार शब्दांची वाक्यंही जुळत नसतील तर चौथ्या वाढदिवसाच्या आसपासच्या यू-आख्ट या मुलांच्या नेहमीच्या तपासणीची वाट न बघता मुलांच्या डॉक्टरांशी बोला.