विचारा, सांगते : बोक्याला इन्सुलिन टोचताना

प्रश्न : ताई, आमच्या ११ वर्षांच्या बोक्याला मधुमेह निघालाय. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ २-२ युनिट इन्सुलिन सांगितलंय. दवाखान्यात त्यांनी टोचलं तेव्हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. घरी मात्र मी फ्रिज उघडला की स्वारी पलंगाखाली. मग हे झाडूने त्याला बाहेर काढतात, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून धरतात, मी स्पिरिटने पुसून मानगुटीत टोचते. तो फिसकारतो, ओचकारतो. माझे हात कापतात. सुया वाया जाऊ नयेत म्हणून एकच सुई दोन-तीन दिवस चालवते. हे रोज दोनदा कसं निभायचं?

उत्तर : तुमचं पत्र पुन्हा एकदा बोक्याच्या बाजूने वाचा. फ्रिज उघडतो, झाडू येतो, टॉवेल येतो, कुणीतरी दाबून धरतं, थंडगार काहीतरी चोळलं जातं, भपकन वास येतो, आणि एवढं सगळं झाल्यावर केसाएवढी सुई टोचते. तो सुईला घाबरत नाहीये. सुईच्या आधीच्या वरातीला घाबरतोय. दवाखान्यात वरात नव्हती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे झाडू आणि टॉवेल रजेवर. तुमच्या 'ह्यां'चीही धरण्याच्या कामातून सुटका करा. मांजराला जितकं घट्ट धरावं तितकं ते सुटायला बघतं. पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नका, खाण्याच्या वाटीचा आवाज करा आणि वाट बघा. दोन डोसांमध्ये साधारण १२ तास हवेत, पण थोडं मागेपुढे झालं तर आभाळ कोसळत नाही. सिरिंज दुसऱ्या खोलीत, त्याच्या नजरेआड भरून ठेवा. जागा रोज एकच असू द्या, फक्त ती त्याची झोपायची जागा नको. तिथे त्याला निर्धास्त वाटलं पाहिजे.

इन्सुलिन जेवणाबरोबर द्यायचं असतं, याचा फायदा घ्या. आधी वाटी पुढे ठेवा, तो खातोय याची खात्री करा, आणि तोंड वाटीत असतानाच टोचा. बरीच मांजरं मान वर करूनही बघत नाहीत. तोवर दिवसातून जमेल तेव्हा, इंजेक्शनची वेळ नसताना, खाऊ देऊन नुसती कुशीची कातडी चिमटीत धरा आणि सोडा. कधी टोपण लावलेली सिरिंज अंगाला टेकवा. चिमटीनंतर दर वेळी सुई येत नाही, हे त्याला कळू द्या. या सरावापायी खरा डोस मात्र चुकवायचा नाही.

आता स्पिरिट. ते बंद करा. मांजरांना तो वास सोसत नाही, ओल्या कातडीवर सुई जास्त झोंबते, आणि इतक्या बारीक सुईने कातडीखाली टोचताना त्याची गरजही नसते. सुई दर वेळी नवी घ्या. बाटलीच्या रबरी बुचातून आणि एकदा कातडीतून गेली की तिचं टोक बोथट होतं, वरचा गुळगुळीत लेप निघून जातो. तुम्हाला दिसत नाही, त्याला कळतं. सुईचा गेज आकडा जितका मोठा तितकी ती बारीक. ३० किंवा ३१ गेज मिळाली तर बघा. फ्रिजमधलं गार इन्सुलिन टोचलं तर तेही जाणवतं. डोस इतका थोडा असतो की भरलेली सिरिंज मिनिटभर मुठीत धरली तरी गारवा जातो. गरम पाण्यात मात्र बुडवायची नाही, उष्णतेने इन्सुलिन बिघडतं.

मानगूट धरायला सोयीची म्हणून सगळे तिथेच टोचतात. पण तिथली कातडी जाड असते, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे इन्सुलिन नीट शोषलं जाईलच असं नाही. बरगड्यांच्या बाजूला, कुशीत, पोटाच्या कडेला टोचा. आज डावीकडे, उद्या उजवीकडे, आणि दर वेळी बोटभर अंतर सोडून. एकाच जागी सारखं टोचलं की तिथे गाठ धरते.

टोचताना अंगठा आणि मधल्या बोटाने कातडी अलगद वर उचला. तर्जनीने त्या घडीच्या मध्यावर हलकेच दाबलं की खळगा पडतो. सुई त्या खळग्यात, अंगाला जवळजवळ समांतर, एका झटक्यात घाला. हळूहळू खुपसणं जास्त दुखतं. दांडा पूर्ण दाबा, सुई काढा, मग कातडी सोडा. केस दाट असतील तर तेवढ्या जागचे कातरून घ्या, कातडी दिसली की अर्धी भीती जाते. हात कापत असतील तर मनगट त्याच्या पाठीवर टेकवा. आधी एखाद्या मऊ फळावर साधं पाणी टोचून बघा आणि ती सिरिंज टाकून द्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमवा.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. तुमचं इन्सुलिन यू-४० आहे की यू-१००? मांजरांना दोन्ही देतात. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, यू-१०० म्हणजे १००. सिरिंजही त्या-त्या मापाची असते. टोपण बहुधा यू-४०चं लाल आणि यू-१००चं नारिंगी, पण रंगावर विसंबू नका, छापलेलं वाचा. यू-१०० इन्सुलिन चुकून यू-४० सिरिंजने २च्या रेघेपर्यंत भरलं तर बोक्याच्या अंगात २ नव्हे, ५ युनिट जातील. बाटली आणि सिरिंज आजच शेजारी ठेवून ताडून बघा. बाटलीत ढगाळ इन्सुलिन असेल तर भरण्याआधी ते मिसळावं लागतं. कसं, ते सोबतच्या कागदावर असतं.

त्याने अन्नाला तोंड लावलं नाही किंवा ओकला, तर नेहमीचा डोस देऊन मोकळं होऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन जास्त झालं की साखर उतरते : झोकांड्या, मलूलपणा, कधी अचानक वखवख, शेवटी झटके. अशा वेळी मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांवर चोळा आणि तडक दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. लवकर उपचार सुरू झाले आणि आहारातली कर्बोदकं कमी केली तर काही मांजरांचा मधुमेह मागे हटतो, इन्सुलिन बंदही होतं. पण त्या वाटेवर जुनाच डोस जास्त ठरू लागतो, म्हणून तपासण्या टाळू नका.

प्रश्न : मांजरांच्या मधुमेहावर आता गोळी निघाली आहे म्हणे. आमची मनी गेलं वर्षभर इन्सुलिनवर आहे. सुई सोडून गोळी सुरू करता येईल का?

उत्तर : अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचं पातळ औषध मंजूर झालं. दोन्ही मंजूर झाली ती पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी धडधाकट मांजरांसाठी. इन्सुलिनवर असलेल्या मांजराला ही औषधं दिली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून जिवावर बेतू शकतं, तेही रक्तातली साखर फारशी वाढलेली नसताना. म्हणजे साखर मोजून तुम्हाला पत्ताही लागणार नाही. मनीच्या बाबतीत सुईच बरी.

प्रश्न : टोचून झाल्यावर मांजराचे केस ओले लागले. पुन्हा डोस द्यावा का?

उत्तर : नाही. सुई कातडीच्या घडीतून आरपार गेली असावी. हाताला वास घ्या, इन्सुलिनला औषधी पट्टीसारखा वास येतो, त्यावरून कळेल. पण किती बाहेर सांडलं आणि किती आत गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अंदाजाने भर घालायची नाही. एखाद्या वेळी साखर चढली तर निभावतं, उतरली तर तासाभरात जीव जाऊ शकतो. वेळ टिपून ठेवा, मांजरावर लक्ष ठेवा आणि पुढचा डोस ठरल्या वेळी, ठरला तेवढाच द्या.